तिकीट काढून पाऊस

दुबईत पाऊस बघायला तिकीट काढावं लागतं. सिटी वॉक भागात 'द ग्रीन प्लॅनेट' नावाची काचेची मोठी इमारत आहे, 2016 साली उघडलेली. तिच्या पोटात चार मजली वर्षारण्य वाढवलंय. वनस्पती, पक्षी, प्राणी, मासे सगळे धरून तीन हजारांवर जीव आत आहेत म्हणे. लेकीकडे आले की तिकिटाचे रुपये करायचे नाहीत, असं दर वेळी ठरवते. इथेही ठरवलं होतं. केलेच. मग जावयांकडे न बघता सरळ आत शिरले.

•

लिफ्टने आधी थेट शेंड्यावर नेऊन सोडतात, मग फिरत फिरत खाली उतरायचं. पद्धत चांगली आहे. रान आपण नेहमी खालून बघतो, मान अवघडेपर्यंत. इथे पाहुणा आधी पक्ष्यांच्या मजल्यावर पोचतो.

मधोमध एक झाड, 25 मीटर उंच. ते माणसाने घडवलेलं आहे, पण त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेलं सगळं जिवंत: नेचे, ऑर्किड, वेली, शेवाळ. आंब्यावर काहीही परकं दिसलं की कोयता घेऊन चढणारी आमची जमात. ऑर्किड म्हणजे बांडगूळ नव्हे, तो झाडाचा रस पीत नाही, नुसती बसायला जागा घेतो. पण आमच्या दापोलीत कोयता एवढी चौकशी करत नाही.

•

नात म्हणाली, "आजी, तुमच्या दापोलीला पण असं आहे?"

"आहे. फक्त छप्पर नाही."

•

आत शिरताच चष्म्यावर वाफ धरली. वास एकदम ओळखीचा. कुजक्या पानांचा, ओल्या लाकडाचा, आषाढात पडवीत येतो तसा. ह्या ओलीसाठी इथे यंत्रं चालवतात. आम्ही चार महिने तिच्याशी भांडतो. मे संपता संपता आगोटीची धावपळ: सुके बोंबील, सोडे, आंबोशी, कुळीथ, लाकडं आत. जूनमध्ये मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, चपलांवर बुरशी आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी लव. ग्रीन प्लॅनेटमध्ये दाट धरलेल्या शेवाळासमोर लोक उभे राहून फोटो काढत होते. आमच्या मागच्या गडग्यावर तेच शेवाळ दर श्रावणात येतं आणि मी दर श्रावणात म्हणते, खरवडायला माणूस मिळत नाही.

•

एक पान जवळून बघितलं. तळहाताहून मोठं, वर मेणासारखी चकाकी, आणि टोक काढून लांबवलेलं, शेपटीसारखं. फवारा पडला की थेंब पानाच्या मधल्या शिरेशी गोळा होतात, घरंगळत टोकाशी येतात, फुगतात आणि सुटतात. मिनिटभरात पान कोरडं. सतत ओलं राहिलं तर पानावर शेवाळ आणि बुरशी धरते, ऊन पोचत नाही. म्हणून दमट रानातल्या कितीतरी झाडांनी हे टोक कमावलंय. हे बघायला दुबईला यायची गरज नव्हती. पिंपळाचं पान घ्या, तीच शेपटी. वहीत ठेवून जाळी केली तेव्हा ती शेपटी कशासाठी, हे शाळेतल्या एकाही बाईंनी सांगितलं नाही. मी स्वतः बाई झाल्यावर मीही सांगितलं नाही.

•

आकडे. दापोलीला वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ॲमेझॉनच्या रानातलं मनाउस शहर, जिथे जगभरचे लोक वर्षारण्य बघायला उतरतात, तिथे पडतो साधारण 2300. म्हणजे मापात आम्ही पुढे. तरी वर्षारण्य त्यांच्याकडे. आमच्याकडे कातळ, गवत, आंबा-काजूच्या बागा आणि घळींत, देवरायांत उरलेलं थोडं सदाहरित रान.

माप नव्हे, वाटप महत्त्वाचं. मनाउसच्या कोरड्या महिन्यांतही सरी येतात. आमचा पाऊस जून ते सप्टेंबरात सगळा ओतून मोकळा होतो, जांभ्यातून झिरपतो, पऱ्ह्यांतून समुद्राला मिळतो. पुढचे सात-आठ महिने झाडांनी काढायचे कसे? म्हणून आमची बरीच झाडं पानं टाकून देतात आणि वळवाची वाट बघतात. माणसं टँकरची वाट बघतात. साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात मे महिन्यात टँकर येतो, हे मी इथे एका शेजारणीला सांगत होते. जावई हळूच म्हणाले, "आई, हे बाहेर कुणाला सांगू नका."

ग्रीन प्लॅनेटवाल्यांनी नेमकं हेच गणित सोडवलंय. थोडा, पण बारा महिने. तोटी त्यांच्या हातात आहे.

•

16 एप्रिल 2024. दुबईच्या विमानतळावर चोवीस तासांत 142 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. धावपट्टीवर पाणी, मोटारी तरंगताहेत, लेकीच्या इमारतीत दोन दिवस लिफ्ट बंद. फोनवर ती रडकुंडीला आली होती. 142 मिलिमीटर म्हणजे आमच्याकडे जुलैतला एखादा जोराचा दिवस. त्या दिवशी आम्ही शाळासुद्धा सोडत नाही. पण वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पावसाच्या गावाने गटारं बांधायची तरी कुणासाठी? हसू आलं होतं, ते फोनवर दाबलं.

•

काचेत रान ठेवायची कल्पना लंडनच्या एका डॉक्टरची. नथॅनियल वॉर्ड. 1829च्या सुमारास त्याने बंद बरणीत ओल्या मातीवर पतंगाचा कोश ठेवला होता. पतंगाचं काय झालं ते बाजूलाच राहिलं. मातीत नेचा उगवला आणि बाहेरून पाणी न घालता जगला. मातीतलं पाणी वाफ होऊन काचेवर धरतं, परत मातीत उतरतं. त्याच्या बागेतले नेचे लंडनच्या धुराने मरत होते, बरणीतला मजेत होता. मग त्याने काचेच्या पेट्या केल्या. 1833 साली अशा पेट्यांतली झाडं जहाजाने सिडनीपर्यंत जिवंत पोचली. पुढे चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आली ती ह्याच पेट्यांतून. घाटावरच्या माणसाचा सकाळचा कप त्या बरणीचं देणं लागतो.

माशांचं त्याच काळातलं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. म्हणजे काचेआडचं रान आणि काचेआडचं पाणी ही भावंडंच. ग्रीन प्लॅनेटमध्ये ती पुन्हा एका घरात नांदताहेत.

•

पक्षी मोकळे आहेत. जाळी-पिंजरा नाही, डोक्यावरून जातात. टूकनच्या जातीचा एक पक्षी कठड्यावर येऊन बसला, हातभर अंतरावर. ती अगडबंब चोच बघून वाटतं, मान मोडेल. पण ती आतून पोकळ, हाडांच्या बारीक जाळीची, वजनाला हलकी. शिवाय अंगातली उष्णता तो चोचीवाटे बाहेर टाकतो. फळ चोचीच्या टोकात धरायचं, मान मागे टाकून वर उडवायचं, घशात झेलायचं.

नात ओरडली, "आजी, धनेश!" गेल्या मेमध्ये तिला दाखवला होता.

धनेश नव्हे. आणि नातेवाईकही नव्हे. टूकनचे सोयरे सुतार आणि तांबट. धनेशाचा जवळचा सोयरा हुदहुद. दोघांनी वेगवेगळ्या खंडांत, एकमेकांना न विचारता, मोठी चोच आणि फळं झेलायची तीच रीत उचलली. रानातल्या उंच फांद्यांच्या टोकाची फळं काढायला दुसरं हत्यार चालत नसावं.

•

धनेशाचं पुढे लिहिते, कारण ते दुबईत दिसणार नाही.

आमच्या देवळामागे बेहड्याच्या ढोलीत कवड्या धनेशाची जोडी होती. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा लगदा, माती ह्यांनी तोंड आतून लिंपून घेते. उरते ती एक उभी फट, चोच मावेल एवढी. अंडी घालून, पिलं बऱ्यापैकी वाढेपर्यंत आतच. तेवढे दिवस सगळं घर नराच्या गळ्यावर, शब्दशः. तो येऊन खोडाला चिकटायचा, मान दोनदा झटकायचा, आणि गळ्यातून एकेक उंबर चोचीच्या टोकाशी आणून फटीत द्यायचा. एक झालं की दुसरं, मग तिसरं. मी मोजायला लागले की माझा चहा गार व्हायचा. कधी काजऱ्याची नारिंगी फळंही आणायचा. काजऱ्याच्या बीत विष असतं, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. हा गर खाऊन बी टाकतो.

रस्ता रुंद झाला, बेहडा गेला. धनेश अजून येतात, पण उंबर खायला. घर करायला नाही. झाडं लावणारे उत्साही लोक दर जुलैला रोपं लावतात, फोटो येतात. चांगलंच आहे. पण ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं, आणि म्हातारं झाड म्हणजे आमच्याकडे सरपण.

•

आतले पोपट ॲमेझॉनचे. बाहेर पडलो तर पार्किंगच्या खजुरावर हिरव्या पोपटांचा कालवा. आपले पोपट! लाल चोच, गळ्यात कंठी, तोच कर्कश गोंधळ. पिंजऱ्यातून सुटलेले, इथे रुजले, वाढले. साळुंक्याही तशाच. कावळे तर जहाजांवर बसून आले. दापोली, खेड, मंडणगडमधून घरटी एक माणूस गल्फला. पाखरं मागे कशाला राहतील? त्यांना व्हिसा लागत नाही एवढंच. इथल्या सरकारला मात्र ते उपद्रवी वाटतात.

•

कायद्याची गंमत. 1972च्या वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे साधा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. दक्षिण अमेरिकेतला मकाव मात्र लाख-दीड लाखाला घेऊन बंगल्यात ठेवता येत होता, कारण तो 'आपला' वन्यप्राणी नव्हे. 2020 साली केंद्राने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वतःहून नोंद करायची मुभा दिली, सहा महिन्यांत नोंदवणाऱ्याला कागदपत्रं विचारणार नाही म्हणून. 2022 च्या दुरुस्तीने अशा बऱ्याच जातींची नोंदणी बंधनकारक झाली. ठीक झालं. पण आठवडी बाजारात टोपलीखाली पोपटाची पिलं विकणारा पोरगा अजून पकडला जातो आणि मकाववाले साहेब रीळ टाकतात.

•

पुन्हा आत. स्लॉथ. फांदीला उलटा लटकलेला, हसल्यासारखं तोंड, दहा मिनिटांत हात एक वीत सरकला. केसांत शेवाळ वाढतं म्हणून अंग हिरवट. पानं पचायला दिवसचे दिवस लागतात. आठवड्यातून एकदा कष्टाने खाली उतरतो तो शौचाला. त्याच्यापुढे सगळ्यात जास्त गर्दी होती. दुबईत इतक्या निवांत कुणाला बघायची सवय नसावी.

•

सगळ्यात तळाला पाण्यात बुडालेलं रान. टाकी कठड्याच्या वरून आणि काचेतून, दोन्हीकडून दिसते. हे समजायला जरा वेळ लागतो: ॲमेझॉनला पूर येतो तो ओसरायला महिने लागतात. पाणी काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत चढतं, रानच्या रान बुडतं, आणि नदीतले मासे झाडांमधून पोहायला लागतात. फांद्यांवरची फळं पाण्यात पडतात, मासे ती खातात, बिया दूर नेऊन टाकतात. पक्ष्यांनी बिया पसरवणं माहीत होतं. माशांनी जंगल लावणं नवीन.

पिरान्हांपुढे पोरं नाक लावून उभी. मासे ढिम्म. सिनेमाने बिचाऱ्यांची अब्रू घेतली आहे. एरवी ते भित्रे असतात आणि घोळक्याने राहतात ते मुख्यतः स्वतःच्या सुरक्षिततेसाठी.

•

पिरान्हांच्या बाजूला चपटा, गोलसर, पोटाला लालसर झाक असलेला मासा. थांबले. हा कुठे तरी बघितलाय.

"अगं, हा तर रूपचंद!"

पाटीवर पाकू लिहिलेलं. पण घाटावरच्या कुठल्याही मासळीबाजारात जा, थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर हाच पडलेला असतो, नाव रूपचंद. तळ्यात पटकन वाढतो, काहीही खातो, म्हणून शेतकऱ्याला परवडतो. आकार जरा पापलेटसारखा, त्यामुळे समुद्र न बघितलेल्या गिऱ्हाइकाला पापलेट म्हणूनही खपवतात. हर्णैच्या कोळणीपुढे ही हुशारी करून दाखवावी कुणी.

काचेजवळ आला तेव्हा त्याचे दात दिसले. चौकोनी, बुटके, माणसाच्या दाढांसारखे, दोन ओळी. पाण्यात पडलेली कठीण कवचाची फळं आणि रबराच्या बिया फोडायला. रूपचंद मी साफ केलाय, तळलाय, नावं ठेवत खाल्लाय. त्याच्या तोंडात कधी डोकावले नव्हते. हा मासा बुडालेल्या जंगलात फळं वेचणारा आहे आणि आपण त्याला सोलापूर-नगरच्या शेततळ्यांत पेंड खायला घालतो.

•

अरापाइमा. तीन मीटरपर्यंत वाढणारा, गोड्या पाण्यातल्या सगळ्यात मोठ्या माशांपैकी एक. दर दहा-वीस मिनिटांनी वर येऊन हवेचा घोट घेतो, नाहीतर गुदमरतो. आपल्या मरळीचंही तसंच. म्हणून मरळ ओल्या फडक्यात तासन् तास जिवंत राहते. हा राक्षस 2018 च्या केरळच्या पुरानंतर चालकुडी नदीत सापडला होता, शोभेच्या माशांच्या धंद्यातून सुटलेला. भीमेवरच्या उजनी धरणात सकर मासा भरलाय तो काचेच्या टाक्यांतूनच. टाकीत शेवाळ खातो म्हणून आणायचा, वीतभराचा हातभर झाला की नदीत 'पुण्य' म्हणून सोडायचा. भीमेचे कोळी जाळ्यातून हेच उपसत बसतात, आणि ते कुणी खात नाही.

मत्स्यालयांनी दाराशी एक पाटी लावावी: घरी टाकी ठेवाल तर त्यातलं काही नदीत सोडू नका.

•

पण 'बाहेरचं' म्हणून नाक मुरडताना जपून. काजू ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी आणला, आणि आज काजूशिवाय कोकण ही कल्पना करून बघा. अननस, पपई, पेरू, मिरची, चिकू, देवचाफा, सगळे अमेरिका खंडातले. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 ह्या आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या जाती ज्या झाडाच्या, त्याचे आजे-पणजे ग्रीन प्लॅनेटमधल्या पोपटांच्या शेजारचे. माझ्या परसात निम्मं ब्राझील आहे. तरी ते वर्षारण्य नाही, कारण तिथे मी दर ऑक्टोबरला बेणणी करून घेते.

•

टाकीचं पाणी आरशासारखं. माशांच्या कल्ल्यांतून, उरल्या अन्नातून अमोनिया पाण्यात येतो, तो विष. गाळणीत वाढवलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. एवढ्या रंगीत प्रदर्शनाचा खरा गाडा ओढतात हे न दिसणारे जिवाणू. त्यांची पाटी कुठे नव्हती.

•

3 जून 2020. निसर्ग वादळ. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडला झोडपून काढलं. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड. दुपारी तीनला उठून बघितलं तर दक्षिणेकडची सुपारीची बाग आडवी, कौलं अंगणात, खांब रस्त्यावर. वीज कित्येक आठवडे आली नाही. कितीतरी घरांनी सांगितलं, आजोबांनी लावलेला आंबा गेला. नारळ लावून त्याला फळ धरायला सहा-सात वर्षं. ती वर्षं आता कुठे भरत आली.

ग्रीन प्लॅनेटच्या काचेतून बाहेर वाळूचं वादळ दिसत होतं, आत एकही पान हललं नाही. तेव्हा खरं सांगायचं तर हेवा वाटला.

•

मुंबई. चाकरमान्यांकडे पाहुणे गेले की दोन ठिकाणं ठरलेली असायची: राणीची बाग आणि तारापोरवाला मत्स्यालय. मत्स्यालय 1951 सालचं, मरीन ड्राइव्हवर. 2015 मध्ये नूतनीकरण करून काचेचा बोगदा केला, बारा फुटांचा. शिरलं की संपला, पण वरून मासा गेला की पोरं किंचाळायची. करोनात दारं लागली, मग इमारत धोकादायक ठरली आणि उतरवली. मुंबईसारख्या शहराला, समुद्र उशाशी असताना, आज धड सार्वजनिक मत्स्यालय नाही. ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

राणीच्या बागेत 2016 साली दक्षिण कोरियाहून हम्बोल्ट पेंग्विन आले. लोक अजून समजतात ते बर्फातले. ते पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, जवळजवळ वाळवंटातले. गार पाणी लागतं, बर्फ नव्हे. पेंग्विनांवर फार राजकारण झालं. मला तिथला चालत जायचा पक्षीविहार जास्त आवडला, 2020 मध्ये उघडलेला. माणूस पिंजऱ्याच्या आत आणि पक्षी डोक्यावर, हे गणित बरोबर आहे.

•

कोकणी माणूस मत्स्यालयात नेऊ नये. रत्नागिरीतल्या झाडगावच्या मत्स्यालयात माझ्या आत्येबहिणीने प्रत्येक टाकीपुढे उभं राहून निकाल दिला होता: गोब्रा कालवणाला, तांबोशी तळायला, शेवंड आपल्याला परवडत नाही. समुद्रघोड्यापुढे मात्र गप्प झाली. मग म्हणाली, "ह्याचं काय करतात?" नराच्या पोटाला पिशवी असते, मादी त्यात अंडी घालते आणि पिलांना जन्म नर देतो, असं शेजारची पाटी वाचून सांगितलं. "म्हणून समुद्रात आहे," म्हणाली. "गावात असता तर जगू दिला नसता."

•

वेळास आमच्या उत्तरेला, बाणकोट खाडीच्या तोंडाशी. नाना फडणवीसांचं गाव. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी कोल्हे-कुत्र्यांच्या आणि माणसांच्या पोटात जायची. आता गावातलीच पोरं पहाटे किनारा चालतात, रांगत गेल्याच्या खुणा बघतात, शंभरेक अंडी उचलून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल पुरतात. वाळू उबदार असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर. पन्नासेक दिवसांनी पिलं वर येतात. लोक ते बघायला येतात, गावात राहतात, जेवतात. आंजर्ल्यालाही तसंच.

जानेवारी 2022 मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं, नाव ठेवलं प्रथमा. आंजर्ल्याचीचं नाव सावनी. आणि 2021 साली ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्यावरून लंकेला वळसा, साडेतीन हजार किलोमीटर. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, हे समजणाऱ्यांना तिने कामाला लावलं.

हे नातीला सांगितलं. तिने विचारलं, "तिकीट किती?" देणगी देतो तेवढी, म्हटलं. तिला ते फार स्वस्त वाटलं.

•

देवराई. पूर्वी आत वाळली काटकीसुद्धा उचलत नसत, देवीचा कोप. आता कोप कमी झालाय आणि सभामंडपाला फरशी बसवायला पैसे हवेत. मंडप मोठा, झाडी लहान, असा हिशोब गावोगाव बघते आहे. ग्रीन प्लॅनेटमध्ये प्रत्येक झाडाला नाव आणि मायदेश लिहिलेली पाटी होती. आमच्या देवराईतली ताडाएवढी गारंबी कुठवर चढलीये हे विचारलं तर पुजारी म्हणतो, "कोण बघतंय."

•

मत, विचारलं नसलं तरी: ग्रीन प्लॅनेट बघण्यासारखं आहे. खोटं म्हणून हिणवायचं कारण नाही. वाळवंटात पान न वाळू देणं हे कौशल्य आहे, आणि तिथले लोक ते मनापासून करतात. काचेमागे एक पोरगी बुरुश घेऊन फांद्या पुसत होती, इतक्या काळजीने की आमच्या वनखात्याने शिकायला यावं. पण ज्याच्या दाराशी पाऊस फुकट पडतो त्याने तिथून एवढं घेऊन यावं की ह्या ओलीला किंमत असते, आणि ती कुणीतरी रोज भरतं.

•

झाडगावचं पुन्हा, कारण ते राहून जातं.

रत्नागिरीत समुद्राकाठी झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, 1958 सालचं. पुढे ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आलं, म्हणजे आमचंच. छोटं मत्स्यालय, वर संग्रहालय. देवमाशाचा सांगाडा आहे, आडवा, खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच्या कण्याच्या एका मणक्यावर लहान मूल बसेल. बरण्यांत फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले मासे, खेकडे, शंख. बोगदा नाही, फवारा नाही, माहिती सांगायला हेडफोन नाही. पण टाकीतले बहुतेक जीव आपल्याच किनाऱ्याचे आहेत. ज्यांची नावं आपल्याला फक्त भाव विचारताना आठवतात ते.

दापोलीहून जायचं तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीने खाडी ओलांडावी, गुहागरहून पुढे तवसाळ-जयगडची दुसरी. घाटरस्त्यापेक्षा बरं, आणि खाडीत मुलांना कांदळवन दिसतं. मे महिन्यात मुंबई-पुण्याची नातवंडं आली की त्यांना एक दिवस तिकडे न्या. आणि काचेवर टिचकी मारू देऊ नका. माशाला ती कानाशी फटाका वाजल्यासारखी लागते.